प्लॉट आपला, म्हणून खालचे पाणीही आपलेच?

इंदूरमध्ये रामबाग किंवा राजेंद्रनगरात घर असलेल्या अनेक मराठी कुटुंबांत एक समजूत पक्की आहे: प्लॉटची रजिस्ट्री आपल्या नावाची, तेव्हा त्याखालचे पाणीही आपल्याच मालकीचे. कायदा असे म्हणत नाही. 1882 च्या सुखाधिकार (ईझमेंट, म्हणजे जमीन-पाण्याच्या वापराचे हक्क) कायद्यात जमीनमालकाला आपल्या हद्दीतले, निश्चित प्रवाहात न वाहणारे भूजल गोळा करण्याचा हक्क आहे, म्हणजे हक्क उपशाचा आहे, जमिनीखालच्या साठ्याचा नव्हे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 तर अधिक रोखठोक आहे. तिच्या कलम 57 नुसार साचलेले व वाहते पाणी आणि भूगर्भातील सर्व हक्क राज्य शासनाचे आहेत, केवळ संहितेपूर्वीचे हक्क सर्वसाधारणपणे अबाधित ठेवले आहेत.

खरी अडवणूक होते ती मध्य प्रदेशच्याच 1986 च्या पेयजल परिरक्षण (पिण्याच्या पाण्याचे जतन) अधिनियमामुळे. कलेक्टरांनी क्षेत्र जलअभावग्रस्त घोषित केले की, आपल्याच अंगणातसुद्धा परवानगीशिवाय नवे बोअरिंग करता येत नाही, आणि तेथे रजिस्ट्रीची प्रत पुढे करून (लोक करतात!) काहीच साधत नाही. जुन्या बोअरिंगचे पाणी घरगुती वापराला चालते. सिंचनासाठी किंवा कारखान्यासाठी मात्र त्यालाही परवानगी लागते.