सोयाबीनची जीएम टेस्ट: सॅम्पल कृपया दळून आणू नका, आणि 'पॉझिटिव्ह' म्हणजे काय तेही वाचा

सोयाबीनचा सीझन लागला की आमच्या लॅबच्या काउंटरवर जीएम टेस्टबद्दल, म्हणजे दाण्यात बाहेरचा जीन घातलेला आहे का हे बघणाऱ्या टेस्टबद्दल, रोज तेच दोन प्रश्न. "आमचं तर घरचं सोयाबीन आहे, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा आला?" आणि "पॉझिटिव्ह म्हणजे खायला धोक्याचं का?" दोन्हींची उत्तरं फोनवर सांगता सांगता दुपार जाते, तुमचाही वेळ जातो, म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. पाच मिनिटं काढून वाचा, पुढचे आठ दिवस वाचतील.

आधी दळण्याचं. बरेच जण चांगल्या मनाने, लॅबवाल्यांचं काम हलकं व्हावं म्हणून सोयाबीन भरडून आणतात. भरडतात कुठे, तर जिथे जनावरांचं खाद्य भरडलं जातं तिथेच. त्या मशीनमध्ये सकाळी सरकी पेंड गेलेली असते. आता आपल्याकडचा कापूस जवळजवळ सगळा बीटी, म्हणजे जीएमच, २००२ पासून परवानगी आहे, म्हणजे सरकी पेंडही बीटीचीच आली. जीएम टेस्टची पहिली पायरी असते ती ३५एस आणि नॉस नावाचे डीएनएचे दोन तुकडे शोधायची, हे तुकडे जीएम सोयाबीनमध्येही असतात आणि बीटी कापसातही असतात. कोरोनात सगळ्यांना माहीत झालेलं पीसीआर तंत्रच इथे वापरतात, ते जाळीत अडकलेली चिमूटभर पेंडही पकडतं. सोयाबीन शंभर टक्के साधं, तरी रिपोर्टवर पॉझिटिव्ह.

मागच्या सीझनला एका शेतकरी कंपनीचा माल याच कारणाने अडकला होता. पहिल्या टेस्टला पॉझिटिव्ह, मंडळी हादरली, सभासदांमध्ये एकमेकांवर संशय सुरू झाला की कुणी चोरटं बियाणं पेरलं का. आम्ही पुढची टेस्ट लावली, जी फक्त जीएम सोयाबीनचाच ठसा शोधते, ती निगेटिव्ह आली, मग कापसाची लावली तर तिथे सापडलं. अख्ख्या दाण्यांचं नवीन सॅम्पल मागवून पुन्हा केलं, ते स्वच्छ निघालं. पण यात नऊ दिवस गेले आणि कंटेनरचं बुकिंग हुकलं. नऊ दिवस, फक्त भरड्यामुळे. म्हणून हात जोडून सांगतो, दाणे अख्खे आणा, दळायचं काम आमचं. प्रत्येक सॅम्पलनंतर ग्राइंडर उघडून धुतो आणि मध्ये एक कोरं सॅम्पल चालवून बघतो, "नुसतं दळायचे एवढे पैसे का" असं जे विचारतात त्यांना हेच उत्तर आहे.

दुसरी गोष्ट मापाची. एका पोत्याच्या तोंडातून मूठभर दाणे काढून आणले की टेस्ट होते पण तिला अर्थ फार कमी राहतो. साधा हिशोब बघा, १०० दाणे साधारण १२ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमच्या मुठीत जेमतेम ४०० दाणे. मालात हजारात एक दाणा जीएम असेल तर त्या मुठीत तो नसण्याचीच शक्यता जास्त. तोच दाणा ९५ टक्के खात्रीने पकडायचा तर ३,००० दाणे तरी लागतात. आम्ही २ किलो मागतो, ते सुद्धा निदान दहा-पंधरा वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घेतलेलं. यातला निम्मा भाग सील करून आमच्याकडे ठेवतो, उद्या खरेदीदाराने वाद घातला तर तुमच्याच कामाला येतो. पिशवी नवी पाहिजे, खताची किंवा पेंडीची धुतलेली पिशवी चालत नाही. आमच्याकडे सॅम्पलिंगचं किट फुकट मिळतं, त्यात पिशव्या, सील आणि पोत्यात खुपसायची नळी असते, नळी तेवढी परत करा.

रिफाइंड तेल टेस्टला आणू नका, पैसे घ्यायला आम्हालाच बरं वाटत नाही. जीएम सोयाबीनचं तेल भारतात २००७ पासून आयात करायला परवानगी आहे, पण रिफायनिंगमध्ये डीएनए आणि प्रोटीन जवळपास सगळं निघून जातं, त्यामुळे टेस्टला धरायला काही उरतच नाही. डीओसी (तेल काढून उरलेली सोया पेंड), सोया चंक्स, सोया पीठ, टोफू हे चालतं. पाच-दहा मिनिटांची पट्टीची टेस्ट मात्र फक्त कच्च्या दाण्यावर करा, ती प्रोटीन ओळखते आणि भाजलेल्या मालात ते प्रोटीन बिघडलेलं असतं.

आता दुसरा प्रश्न, धोक्याचं आहे का. आमचा रिपोर्ट जीएम आहे की नाही आणि किती टक्के एवढंच सांगतो. त्यावर "सुरक्षित" किंवा "असुरक्षित" असं लिहून द्या म्हणून काही जण फार आग्रह करतात, आम्ही लिहीत नाही आणि लिहिणार नाही, कारण ते तपासणं पूर्ण वेगळं काम आहे, वर्षानुवर्षं चालतं आणि एखाद्या पिशवीचं नाही तर त्या जातीचं होतं. ते कसं होतं हे तुम्हाला माहीत असावं म्हणून थोडं सांगतो.

सगळ्यात जुनं आणि गाजलेलं तणनाशक-सहनशील सोयाबीन म्हणजे राउंडअप रेडी, शास्त्रीय नाव जीटीएस ४०-३-२, अमेरिकेत १९९६ पासून शेतात आलं. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातलं एक एन्झाइम बंद पाडतं, ईपीएसपीएस, त्याच्यावाचून झाडाला काही गरजेची अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि ते मरतं. माणसात आणि जनावरांत हे एन्झाइम नसतंच. मातीतल्या एका जिवाणूत याच एन्झाइमचं असं रूप सापडलं ज्यावर ग्लायफोसेटचा जोर चालत नाही, त्याचा जीन सोयाबीनमध्ये घातला. मग तपासताना विचारलं गेलं की हे नवीन प्रोटीन पोटात गेल्यावर काय होतं. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम जठररसात ते काही सेकंदांत तुटलं. उंदरांना एकदम मोठा डोस दिला, त्रास दिसला नाही. माहीत असलेल्या ॲलर्जी आणणाऱ्या प्रोटीनशी त्याची रचना जुळवून बघितली, जुळली नाही. मग दाण्यातलं प्रोटीन, तेल, अमिनो आम्लं, कच्च्या सोयाबीनमध्ये मुळातच असणारे पचनाला अडथळा करणारे घटक, हे सगळं मूळ जातीशी ताडून पाहिलं. उंदीर, कोंबड्या, मासे, दुभत्या गाई यांना खाऊ घालूनही बघितलं.

हे नुसते कागदी सोपस्कार आहेत असं कुणी म्हणालं तर मी ब्राझील नटची गोष्ट सांगतो. एका बियाणे कंपनीने पशुखाद्यासाठी सोयाबीनमध्ये ब्राझील नटचं प्रोटीन घातलं होतं, तपासणीत दिसलं की त्या नटची ॲलर्जी असलेल्यांचं रक्त या सोयाबीनलाही प्रतिक्रिया देतंय. तो प्रकल्प बाजारात यायच्या आधीच थांबवला, १९९६ मध्ये हे छापूनही आलं. म्हणजे चाळणी लावली तर अडकायचं ते अडकतं.

पण आक्षेपही खरे आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. सुरुवातीचे बरेचसे अभ्यास कंपनीनेच केलेले. घटकांची पहिली तुलना ज्या झाडांवर झाली त्यांच्यावर ग्लायफोसेट फवारलंच नव्हतं, शेतकरी तर फवारण्यासाठीच ते बियाणं घेतो ना, फवारलेल्या झाडांचा अभ्यास नंतर झाला. म्हणून माझं मत विचाराल तर जीनची काळजी आणि फवाऱ्याची काळजी या दोन वेगळ्या वह्या ठेवा. जीनच्या वहीत इतक्या वर्षांत मला घाबरण्यासारखं काही दिसलं नाही. फवाऱ्याच्या वहीत वाद चालू आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं, त्याच वर्षी युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने तशी शक्यता कमी असल्याचं सांगितलं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेची सोयाबीनमधल्या ग्लायफोसेटची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे.

इथेच अजून एक गैरसमज. "आम्ही पेस्टिसाइड टेस्ट केलीय, त्यात ग्लायफोसेट आलंच असेल." नाही आलेलं. शेकडो औषधं एका वेळी बघणाऱ्या नेहमीच्या टेस्टमध्ये ग्लायफोसेट धरलं जात नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. ती आमच्याकडे होत नाही, आम्ही मोठ्या लॅबला पाठवतो, जीएम टेस्टबरोबरच सांगितलंत तर वेगळा कुरिअर खर्च लागत नाही.

आपल्याकडे जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही. जेएस ३३५, परभणीचा एमएयूएस ७१, राहुरीचा फुले संगम, हे सगळे साधे वाण, यांच्यावर ग्लायफोसेट मारलं तर पीकच जळेल, आणि कुणी "फवारलं तरी मरत नाही" म्हणून बियाणं देत असेल तर घेऊ नका. बाहेरून मात्र जीएम माल आलेला आहे, २०२१ मध्ये कोंबडी खाद्यासाठी १२ लाख टन डीओसीला सरकारने मंजुरी दिली होती. त्यामुळे गोदाम, टेम्पो, फावडं एकच असेल तर साध्या मालात मिसळ होऊ शकते. आयात होणाऱ्या सोयाबीनला आपल्याकडे १ टक्का मिसळ चालते, युरोपात लेबलशिवाय ०.९ टक्के, पण कित्येक खरेदीदार ०.१ वर अडून बसतात, म्हणून करारातला आकडा आम्हाला आधी दाखवा.

जीएम सोयाबीनच्या काही नव्या जाती, उदाहरणार्थ मॉन ८९७८८, ३५एस आणि नॉसच्या स्वस्त टेस्टमध्ये दिसतच नाहीत. निर्यातीचा माल असेल तर आम्ही तिची टेस्ट वेगळी लावायला सांगतो, बिल वाढवायला नाही, तिकडच्या बंदरावर माल अडकू नये म्हणून. सॅम्पल सोमवार ते शुक्रवार दुपारी चारच्या आत आलं तर त्याच दिवशी दळायला लागतं, शनिवारी आणलेलं सोमवारपर्यंत तसंच पडून राहतं.