गोव्याचा ठराव : सात विरुद्ध चार

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि पोर्तुगालची तक्रार लगोलग सुरक्षा परिषदेपुढे आली. तेव्हा परिषदेत ११ सदस्य असत. ठरावाला ७ मते लागत. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी शस्त्रसंधी आणि भारतीय सैन्याच्या माघारीचा ठराव आणला. चिली, इक्वेडोर आणि चीन (म्हणजे तैवानचे सरकार) धरून बरोबर ७ मते पडली. विरोधात सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आणि सोव्हिएत संघ. ठराव बारगळला तो निव्वळ सोव्हिएत नकाराधिकारामुळे.

ही दुफळी एका दिवसात झाली नव्हती. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीचा संस्थापक सदस्य. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने घटना बदलून वसाहतींना ‘सागरपारचे प्रांत’ ठरवले. नाव बदलले, की वसाहतच उरत नाही, असा हा कावा. पण नाटो कराराचे सहावे कलम संरक्षणाची हद्द मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका, तुर्कस्तान आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेच्या अटलांटिकपुरती ठेवते. गोवा त्यात बसतच नव्हता. तरीही अमेरिका पोर्तुगालला दुखवायला कचरत असे. कारण अटलांटिकमधल्या पोर्तुगीज अझोर्स बेटांवरचा लाजेशचा हवाई तळ अमेरिका वापरत असे. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकी परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्यासोबत निवेदन काढले आणि त्यात गोव्यासारख्या पूर्वेकडच्या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगीज ‘प्रांत’ असाच आला. दिल्लीत संताप उसळला. नेमके त्याच सुमारास सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात होते. त्यांनी गोवा आणि काश्मीर, दोन्ही बाबतींत भारताची बाजू उघडपणे घेतली. मॉस्कोला हे फुकटात पडले, कारण तिचे पोर्तुगालशी काहीच अडकलेले नव्हते.

ब्रिटनची पंचाईत वेगळी. पोर्तुगालशी मैत्रीकरार १३७३चा. दुसऱ्या महायुद्धात त्याच्याच आधारे अझोर्सचे तळ मिळाले होते. पण भारत राष्ट्रकुलातला. त्यामुळे लंडनने लिस्बनला आधीच बजावले, की राष्ट्रकुलातील देशाविरुद्ध मदतीला मर्यादा राहतील. परिषदेत मत मात्र पोर्तुगालच्या बाजूने.

पुढच्याच वर्षी चिनी आक्रमणावेळी मॉस्कोने चीनला ‘भाऊ’ आणि भारताला ‘मित्र’ म्हणत सुरुवातीला अंग चोरले, आणि शस्त्रे आली ती अमेरिका-ब्रिटनकडून. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते लिस्बनमधली राजवट उलथल्यावर, ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने.