दुर्बिणीचा आरसा घरी घासणे

परावर्ती दुर्बिणीचा मुख्य अंतर्वक्र आरसा काचेच्या सपाट चकतीपासून स्वतःच्या हाताने तयार करण्याचा हौशी खगोलप्रेमींचा छंद. जाड घासणी, बारीक घासणी, पॉलिश आणि शेवटी ‘फिगरिंग’, म्हणजे पृष्ठभागाला नेमका अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) आकार देणे, असे कामाचे टप्पे आहेत. पहिले तीन चिकाटीने कोणालाही जमतात. खरा कस लागतो तो चौथ्यात.

इतके अचूक काम यंत्राविना साधते याचे कारण भूमितीत आहे. सारख्या व्यासाच्या दोन चकत्या एकावर एक ठेवून मध्ये सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घालतात. वरची चकती पुढे-मागे सरकवली की ती मध्यभागी जास्त झिजते आणि खालची, जिला ‘टूल’ म्हणतात, ती कडेला. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. घासणारा टूलभोवती सावकाश फिरत राहतो आणि आरसाही हातात थोडा थोडा वळवतो. कोणत्याही दिशेने सरकवले तरी एकमेकांना सगळीकडे टेकून राहतील असे वक्र पृष्ठभाग फक्त गोलाचेच असतात. त्यामुळे उंचवटे आपोआप झिजतात आणि हाताचा असमान जोर सरासरीत विरून जातो. १५० मिमी व्यास आणि १,२०० मिमी नाभीय अंतर (आरशापासून किरण एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचे अंतर) असलेल्या आरशाची (एफ/८, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) मध्यभागची खोली जेमतेम १.१७ मिमी भरते.

सुरुवात साधारण ८० नंबरच्या पुडीने होते; नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक. मग १२०, २२०, ३२० अशी उतरत ती काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अॅल्युमिनियम ऑक्साइडपर्यंत जाते. ताजी पूड करकरते. दाणे फुटून बारीक झाले की आवाज मऊ पडतो आणि नवी पूड घालावी लागते. मागच्या पुडीचे खड्डे पुढच्या पुडीने पुरते घालवायचे असतात. ते गेले की नाही हे भिंगाखाली पाहतात. दोन नंबरांच्या मध्ये भांडी, टेबल, हात, नखे सगळे धुणे अनिवार्य आहे, कारण जाड पुडीचा एखादा चुकार दाणासुद्धा काचेवर खोल चरा पाडतो.

पॉलिशसाठी टूलवर वितळलेल्या पिचचा, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाचा, थर देतात, त्यात चौकोनी खाचा पाडतात आणि सेरियम ऑक्साइडची पॉलिशची पूड वापरतात. पिच कडक दिसले तरी फार सावकाश वाहते आणि आरशाचा आकार धरून ठेवते. खोली थंड असली की ते ताठरते, उकाड्यात ढिले पडते. म्हणून मुरलेले कारागीर तापमानाबाबत काटेकोर असतात.

गोलाच्या पृष्ठभागाचा आरसा कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत आणत नाही. त्यासाठी अन्वस्त लागतो. वर सांगितलेल्या १५० मिमी आरशात दोन्ही आकारांतला फरक कडेला सुमारे ०.३ मायक्रॉन असतो, आणि चांगला गोलही तिथे बऱ्यापैकी चालून जातो. तोच व्यास एफ/५ केला की फरक चौपट होतो. नवख्याने लांब नाभीय अंतराचा आरसा घ्यावा हा सल्ला म्हणूनच योग्य आहे.

एवढासा फरक दिसतो कसा? लेओं फूको यांनी १८५८ मध्ये मांडलेली सुरीधारेची कसोटी हा या छंदाचा प्राण आहे. आरशाच्या वक्रतामध्यापाशी, म्हणजे आरसा ज्या गोलाचा भाग आहे त्याच्या केंद्रापाशी, बारीक प्रकाशस्रोत ठेवतात, परतलेल्या किरणांच्या वाटेत पात्याची धार हळूहळू सरकवतात आणि तिच्या मागून आरसा पाहतात. अचूक गोल एकदम, सगळीकडे सारखा करडा होतो. अन्वस्तावर गाडीच्या टायरसारखी फुगीर छाया उमटते. दबलेली कड, मधला उंचवटा, कड्यांसारखे गोल पट्टे सगळे उघडे पडते. काचेवर मिनिटभर अंगठा टेकवून लगेच पाहिले, तर त्या उबेने फुगलेली काच टेकडीसारखी दिसते आणि हळूहळू विरते. यामुळेच पॉलिशनंतर काच पुरती निवेपर्यंत मापे घेत नाहीत. दोष कळला की पुढचे हात कुठे, किती लांब आणि किती वेळ फिरवायचे हे ठरते. इथे घाई केली तर कड दबते आणि ती दुरुस्त करणे सर्वांत जिकिरीचे.

विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनस शोधला तो स्वतः घडवलेल्या, तांबे-कथिलाच्या मिश्रधातूच्या आरशातून. काचेवर चांदी चढवण्याची रीत १८५० च्या दशकात आली. अमेरिकेत व्हरमाँटमधील स्प्रिंगफील्ड येथे रसेल पोर्टर यांनी १९२० मध्ये गावकऱ्यांना आरसे घासायला शिकवले. १९२६ पासून तिथे स्टेलाफेन हा मेळावा भरू लागला. पुढे पोर्टर कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीच्या कामातही होते. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन डॉब्सन यांनी जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचांपासून मोठे आरसे केले आणि त्यांसाठी साधी लाकडी बैठक लोकप्रिय केली.

आज लहान आरसे तयार मिळतात आणि घासण्यापेक्षा स्वस्तही पडतात. तरीही छंद टिकून आहे, कारण तयार आरशाचा मालक आकाराबद्दल विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो, घासणाऱ्याने मात्र त्याच्या प्रत्येक पट्ट्याचे माप स्वतः घेतलेले असते. घरी सहसा न होणारा टप्पा एकच: निर्वात कोठीत अॅल्युमिनियमचा सुमारे ०.१ मायक्रॉन थर चढवणे. तो काळवंडला की रसायनाने उतरवून नवा देतात. काच पुन्हा घासावी लागत नाही.