काँग्रेस गवताची आठवण ठेवणारी कातडी

भाताची सुगी आटोपून मळणी सुरू झाली की आमच्या आण्णांच्या पापण्या सुजायच्या. आण्णा म्हणजे माझे चुलते. बेळगावच्या दक्षिणेला त्यांचं शेत, पावसाळ्यात भात आणि त्यामागं मसूर. पहिली दोन वर्षं नुसती खाज होती. तिसऱ्या वर्षी कपाळाची कातडी इतकी जाड झाली की आठ्या बोटानं चाचपता याव्यात. मान मागून काळवंडली, कोपराच्या लवणीत चिरा पडल्या. "रात्रभर खाजालंय बघ, डोळ्याला डोळा नाही," म्हणायचे. घरातल्या मोठ्यांचं उत्तर ठरलेलं होतं, रक्त खराब झालंय. मग वांगं बंद, आंबट बंद, मासळी बंद, काढे सुरू. आण्णा बिचारे सगळं पाळत होते आणि चेहरा अधिकच भाजल्यासारखा दिसत होता.

शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दिवा जवळ घेऊन आधी पापण्या बघितल्या. मग हनुवटी वर करून तिच्या खालची बाजू, मग कानामागं. नुसत्या उन्हाचा त्रास असता तर सावलीतल्या या जागा बहुधा वाचल्या असत्या. हवेतून उडणारी धूळ मात्र सावली ओळखत नाही, ती घडीघडीत जाऊन बसते. "बांधावर काँग्रेस आहे काय हो?" डॉक्टरांनी विचारलं.

काँग्रेस कुठं नाही! खानापूरच्या वाटेवर, निपाणीच्या माळावर, शहरातल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटमध्ये ते कमरेइतकं वाढतं. गाजर गवत हे त्याचं दुसरं नाव. मूळचं ते अमेरिका खंडातलं. आयात गव्हाबरोबर इकडं आलं असं मानतात, आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. एका झाडाला हजारोंनी बिया, गुरं तोंड लावत नाहीत, मग ते पसरायला किती वेळ लागणार? पान भिंगाखाली धरलं तर त्यावर बारीक लव दिसते. या लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. झाड वाळलं की लव मोडून धुळीत मिसळते. म्हणून मळणीच्या वेळी, गवत कापताना, वाळलेला कचरा पेटवताना त्रास वाढतो.

पार्थेनिन हे विष म्हणून कातडी जाळत नाही. नाहीतर त्याच बांधावर बसून भाकरी खाणाऱ्या काकूंनाही पुरळ उठलं असतं. त्याचा रेणू इतका लहान असतो की एकटा असताना प्रतिकारशक्तीच्या नजरेतही भरत नाही. तो कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो, तेव्हा आपलंच प्रथिन परक्यासारखं दिसू लागतं. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी हा तुकडा उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी पेशींपुढं, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींपुढं, धरतात. ज्या टी पेशीला तो जुळतो ती वाढू लागते, तिच्यासारख्या असंख्य पेशी तयार होतात. या शिकवणीला दहा-पंधरा दिवस लागतात आणि त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. कित्येकांची कातडी तर वर्षानुवर्षं गवत सोसते आणि मग एखाद्या हंगामात हा धडा शिकते. पुढच्या वेळी तीच धूळ अंगावर पडली की शिकलेल्या पेशी धावून येतात, पण धावतात सावकाश. पुरळ एक-दोन दिवसांनी उमटतं. सोमवारी गवत उपटलं आणि बुधवारी तोंड सुजलं तर माणूस मंगळवारच्या जेवणाला दोष देतो. वांग्यावर आळ येतो तो असा.

रक्त खराब होण्याच्या समजुतीला १९४२ साली एका प्रयोगानं उत्तर दिलं, आणि मला तो फार आवडतो. कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी गिनीपिगांच्या कातडीला एका रसायनाची ॲलर्जी लावली. त्यांच्या रक्तातलं नितळ पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्या निरोगी गिनीपिगांना टोचलं तर काही झालं नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशी टोचल्या, तेव्हा त्या निरोगी प्राण्यांची कातडीही त्याच रसायनाला चिडू लागली. ॲलर्जी सीरमबरोबर गेली नाही, पेशींबरोबर गेली. हे लँडस्टायनर म्हणजे ज्यांनी ए, बी, ओ रक्तगट शोधले तेच. रक्ताबद्दल त्यांच्याइतका अधिकार कोणाचा असणार?

आण्णांची पॅच टेस्ट झाली. पाठीवर नाण्याहून लहान वाट्यांची एक पट्टी चिकटवली, प्रत्येक वाटीत वेगळा पदार्थ. दोन दिवस अंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. पट्टी काढली तेव्हा पार्थेनियमच्या, म्हणजे काँग्रेस गवताच्या, वाटीखाली लालभडक, फोड आलेला गोल उमटला होता, बाकीची पाठ स्वच्छ. योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही खरा आरोपी दाखवते. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली, त्यामुळं अशा माणसाला दसऱ्याचा हारही कधी कधी त्रास देतो.

सगळी खाज अशी नसते, हे इथं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडं तिन्ही-चारी रोगांना एकच मलम लावतात. सोरायसिसमध्ये कोपरा-गुडघ्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. निरोगी कातडीला खालून वर नवी व्हायला साधारण महिना लागतो, तिथं ती चार-पाच दिवसांतच वर येते. ही घाई करायला लावणारे निरोपे म्हणजे इंटरल्युकिन २३ आणि १७ ही प्रथिनं. लहान मुलांच्या इसबात दुसरे निरोपे, इंटरल्युकिन ४ आणि १३, जोरात असतात आणि अनेकदा कातडीची तटबंदीच जन्मतः कच्ची असते. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला हा दोष २००६ मध्ये सापडला. सोरायसिस स्पर्शानं लागत नाही, इसबही नाही. तरी सोरायसिस असलेल्या मुलीचं लग्न मोडतं, पंगतीत तिच्याशेजारची जागा रिकामी राहते. हे बघून जीव तुटतो.

निरोप्या ओळखला की त्यालाच अडवता येतं. सोरायसिससाठी इंटरल्युकिन १७ ला बांधून ठेवणारं सेक्युकिनुमॅब, इसबासाठी ४ आणि १३ या दोन्हींची वाट अडवणारं डुपिलुमॅब, ही इंजेक्शनं याच समजुतीतून आली. आपल्या कर्नाटकात, बेंगळूरुच्या बायोकॉन कंपनीनं टी पेशींवर काम करणारं इटोलिझुमॅब २०१३ मध्ये सोरायसिससाठी बाजारात आणलं. किंमत मात्र शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणून मेथोट्रेक्सेटसारख्या जुन्या, स्वस्त गोळीचं मोल अजून आहे. सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. घरात कोणाला ती चालू असेल तर वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता मलमाबद्दल. आण्णांनी तीन वर्षांत एका दुकानातून न विचारता नेलेल्या ट्यूबांचा खच पडला होता. त्यात तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइड पेशीच्या केंद्रापर्यंत जाऊन दाहाची जनुकं बंद करतं. ते एका निरोप्याला नाही, जवळजवळ सगळ्यांनाच गप्प करतं. म्हणून पहिल्या रात्री झोप लागते. योग्य जागी, योग्य ताकदीचं, मोजक्या दिवसांसाठी ते उत्तम औषध आहे. पण चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी कागदासारखी होते, शिरा दिसतात. आणि खाज गजकर्णाची असेल तर बुरशीला रानच मोकळं मिळतं. सरकारनं २०१८ मध्ये असली अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी तरतूद केली, तरी काउंटरवर नुसतं "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की ती अजून हातात पडते.

आण्णांना चेहऱ्यासाठी सौम्य मलम दिलं आणि ॲझाथायोप्रिन सुरू केलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात ती ही गोळी, टी पेशींची वाढ रोखते. गवताच्या या त्रासावर तिचा उपयोग भारतीय डॉक्टरांनीच चांगला अभ्यासला आहे. ती घेताना पांढऱ्या पेशी आणि यकृत यांची तपासणी ठरल्या तारखेला करावीच लागते. दोन महिन्यांत आठ्या मऊ झाल्या.

"मग गोळी संपली की बरं झालं म्हणायचं?" आण्णांनी विचारलं. डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. शिकलेल्या काही टी पेशी कातडीतच मुक्काम ठोकून राहतात, म्हणून पुरळ पुन्हा त्याच जागी उठतं. ती आठवण कायमची पुसणारं औषध अजून नाही.

तेव्हापासून मिरगाचा पाऊस पडून माती मऊ झाली की माझा चुलतभाऊ हातमोजे घालून, फुलं यायच्या आत, बांधावरची काँग्रेस मुळासकट उपटतो. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळा दाट वाढू देतो, तो काँग्रेसला डोकं वर काढू देत नाही. कोवळा असताना त्याचीच भाजी घरात होते. आण्णा त्या दिवसांत बांधाकडं जात नाहीत. मळणीला पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, आणि घरी आल्यावर आधी तोंड धुऊन तो सदरा बाहेरच्या दांडीवर वेगळा टाकतात.