शुगर चढलेली असताना सीए १९-९ कसा वाचावा?

‘फुल बॉडी’ पॅकेजचा रिपोर्ट हल्ली मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांच्या आधी अख्खं घर तो वाचतं. समजा, इंदूरच्या लोकमान्य नगरातले साठीचे काका. मधुमेह जुना, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) १०.४, म्हणजे बराच चढा. खाली ठळक अक्षरांत सीए १९-९ (रक्तातला एक पदार्थ, कर्करोगाचा ‘मार्कर’ म्हणजे खूण मानला जाणारा): ५८, मर्यादा ३७. गूगलवर ‘स्वादुपिंडाचा कर्करोग’ वाचून काकू हबकतात.

सीए १९-९ फक्त गाठच तयार करते असं नाही. स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नळ्यांच्या निरोगी पेशींतूनही हा पदार्थ थोडाफार रक्तात येतो. शुगर बरेच दिवस चढी राहिलेल्यांत तो किंचित वाढलेला सापडतो आणि शुगर आटोक्यात आली की बऱ्याच जणांत उतरतो. पित्ताचा खडा नळीत अडकून कावीळ झाली, तर आकडा शेकड्यांत, कधी हजारांतही जातो.

उलटही होतं. शंभरातल्या पाच-दहा जणांच्या शरीरात हा पदार्थ जन्मतःच बनत नाही. त्यांना कर्करोग असला तरी रिपोर्ट नॉर्मलच येईल.

आता थोडा हिशेब. अमेरिकेतल्या मिनेसोटात झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी शंभरात सुमारे एकाला तीन वर्षांत हा कर्करोग निघाला. म्हणजे हजारात दहा. चाचणी शंभरातले ऐंशी रोगी पकडते आणि शंभरातल्या दहा निरोग्यांना उगाच घाबरवते असं धरू. मग दहातले आठ सापडतील, पण त्यांच्यासोबत ९९ निरोगी माणसांचाही आकडा वाढलेला दिसेल. म्हणून तक्रार नसताना ही चाचणी पॅकेजमध्ये घालणं मला मुळीच पटत नाही.

काकांना कावीळ नाही, वजन स्थिर आहे, पोट दुखत नाही. अशा वेळी डॉक्टर सहसा लिव्हरच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करतात, शुगर खाली आणतात आणि काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये मार्कर पुन्हा बघतात. लॅब तीच हवी, कारण किट बदललं की आकडाही बदलतो. दुसऱ्या खेपेला तो चढलेला दिसला, तर पुढचा तपास लागतो.

पण पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला, किंवा जुनी आटोक्यातली शुगर कारण नसताना बिघडली, आणि सोबत वजन उतरू लागलं, तर मार्कर नॉर्मल असला तरी थांबू नये. आपल्याकडे अशा वेळी ‘पोह्यांबरोबरची जलेबी सोडली ना, म्हणून बारीक झाले’ असं कौतुक होतं आणि महिने निघून जातात. पाठीत जाणारं पोटदुखणं किंवा कावीळ असेल तर आणखी घाई हवी. पोटातल्या गॅसमुळे सोनोग्राफीत स्वादुपिंडाचं शेपूट बरेचदा दिसतच नाही, म्हणून काँट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिलं जाणारं द्रव्य) देऊन सीटी स्कॅन करतात. त्याआधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी काही काळ बंद ठेवायला सांगतात. तेव्हा स्कॅनला जाताना चालू गोळ्यांची पट्टी खिशात असू द्या.