रायफल्ड स्लग की सॅबो स्लग? आधी नळीत डोकावून बघा

हा गोंधळ मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय म्हणून लिहितोय. ओहायोत आल्यावर हरणाच्या शिकारीचं लायसन्स काढलं, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, एक जुनी बारा बोरची पंप बंदूक घेतली आणि काडतुसं आणायला गेलो. फळीवर पाच-पाच काडतुसांची दोन प्रकारची पाकिटं शेजारी शेजारी, एकावर रायफल्ड स्लग, दुसऱ्यावर सॅबो स्लग. स्लग म्हणजे छर्ऱ्यांऐवजी काडतुसात एकच मोठा गोळा. दोन्ही बारा बोरचीच. म्हटलं महाग ते चांगलं असणार, सॅबोची दोन पाकिटं उचलली. रेंजवर 50 यार्डावर कागद लावला, पाच बार काढले, कागदावर भोकं तीन, त्यातलं एक चक्क आडवं, गोळी कुशीवर झोपून गेल्यासारखं! शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते, ते एवढंच म्हणाले की नळीत आटे, म्हणजे गोळी फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, आहेत का बघ. नव्हते.

तर गंमत अशी आहे की रायफल्ड स्लग हा आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीसाठी असतो, आणि आटे पाडलेल्या म्हणजे रायफल्ड नळीला लागतो तो सॅबो. नावावरून नेमकं उलटं वाटतं आणि नवीन माणूस हमखास फसतो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद, कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची नाहीतर बारा बोरची असते कुणाकुणाच्या घरी, पण तिथे असल्या चर्चेची वेळ येत नाही. इथल्या मक्याच्या पट्ट्यात मात्र, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, जमीन परातीसारखी सपाट, मध्येमध्ये शेतकऱ्यांची घरं आणि रस्ते, रायफलची गोळी चुकली तर फार लांब जाते, म्हणून या राज्यांनी कितीतरी वर्षं हरणासाठी रायफल चालूच दिली नाही, शॉटगनच, म्हणजे बारा बोरसारखी छर्ऱ्यांची बंदूक, वापरा म्हणाले. स्लग गनचा सगळा संसार त्यातून उभा राहिला.

आता रायफल्ड स्लग. 1931 मध्ये कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन माणसाने हा बनवला म्हणून याला फॉस्टर स्लग पण म्हणतात. शिशाचा गोळा, मागून पोकळ, सगळं वजन नाकात, त्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा नाक पुढे करून जातो. त्याच्या अंगावर ज्या तिरक्या रेघा असतात त्यावरून रायफल्ड हे नाव पडलं, लोकांना वाटतं त्याने गोळा गरगर फिरतो, पण ते फिरणं नावापुरतंच. त्या रेघांचा खरा उपयोग म्हणजे नळीच्या तोंडाशी चोक, म्हणजे मुद्दाम किंचित अरुंद केलेला भाग, असला तर गोळ्याला अंग चोरून बाहेर पडता येतं. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेकेने त्याच्याही आधी, 1898 मध्ये, स्लगला मागे बूच जोडून हेच साधलं होतं.

सॅबोचं तंत्र वेगळं. यात गोळी नळीपेक्षा बरीच बारीक असते आणि तिला प्लास्टिकचं कवच असतं. नळीतले आटे ते कवच पकडतात, कवच फिरतं तशी आतली गोळी फिरते, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर कवच शेंगेच्या टरफलासारखं गळून पडतं. पुढे गोळी भोवऱ्यासारखी, फिरतेय म्हणून सरळ. आता आटेच नसतील तर फिरवणार कोण, फिरत नाही म्हणून कोलांट्या खाते, माझ्या कागदावरचं आडवं भोक ते हेच. बंदूक वगैरे फुटत नाही त्याने, पण पैसे पाण्यात आणि हरीण जखमी होऊन पळून जायची भीती. उलट केलं, म्हणजे आट्यांच्या नळीतून रायफल्ड स्लग मारला, तरी बंदुकीला धोका नाही, पण आट्यांत शिसं लिंपून बसतं, नेम बिघडतो आणि संध्याकाळभर ब्रश घालत बसा.

मोकळ्या रानात यातलं काय घ्यायचं? झाडीत हरीण 40-50 यार्डावर दिसतं, तिथे गुळगुळीत नळी आणि रायफल्ड स्लग भरपूर झालं, वर सॅबोपेक्षा बरंच स्वस्त. पण मका कापून झाल्यावर शेताच्या कडेला बसलात की हरीण पलीकडच्या बांधाने चाललेलं असतं, 120, 150 यार्डावर, आणि तिथे फॉस्टरचा दम संपतो. बारा बोरचा एक औंसाचा स्लग तोंडातून सेकंदाला 1,600 फुटांच्या आसपास निघतो, पण तो बोजड, बोथट, हवा त्याला धरून ठेवते, 100 यार्डाला पोचेपर्यंत आवाजाच्या वेगाच्याही खाली येतो. 50 ला नेम बसवला असेल तर 100 ला चार-पाच इंच खाली लागतो, आणि पुढे तर खड्ड्यात पडल्यासारखा पडतो. सॅबोची गोळी 1,900 च्या आसपास निघते, 100 ला दोन-तीन इंच वर लागेल असा नेम बसवला की 150 ला जवळपास मध्यावर येते. मोकळ्या रानात अंतराचा अंदाज चुकतोच, सपाट जमिनीवर डोळा फसवतो, म्हणून हा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे. वारा असला की दोन्ही ढकलले जातात, पण फॉस्टर जास्त.

म्हणजे आट्यांची नळी घ्यायची हे ठरलं. मग लोक विचारतात की आहे त्या पंप बंदुकीवर दुसरी नळी चढवू की खास स्लगसाठीच बनवलेली बंदूक घेऊ. मॉसबर्ग 500, रेमिंग्टन 870 असल्यांना आट्यांची नळी वेगळी मिळते, स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) पट्टी नळीलाच जोडलेली बघून घ्या, म्हणजे नळी काढली-घातली तरी स्कोप नळीबरोबरच राहतो. स्वस्तात काम होतं. पण काढता-घालता येणारी नळी सांध्यात किंचित हलते, तिथेच खास स्लग गन पुढे जाते कारण तिची नळी जाड आणि पक्की बसवलेली. इथाकाची डीअरस्लेयर 1959 ची, ती सुरुवातीला गुळगुळीत नळीचीच होती, आट्यांच्या नळ्या 80 च्या दशकात रुळल्या. हल्ली माझ्या मते सॅव्हेज 220, 20 बोरची बोल्ट ॲक्शन (दर बाराला हाताने खिटी मागेपुढे ओढायची), याला तोड नाही. 20 बोर ऐकून नाक मुरडू नका, बोर म्हणजे नळीत बसेल असे किती शिशाचे गोळे एका पौंडात येतात तो आकडा, म्हणून 20 ही बारापेक्षा बारीक, पण सॅबोमध्ये गोळी तशीही बारीकच असते, हरणाला फरक पडत नाही, तुमच्या खांद्याला मात्र पडतो. बारा बोरचे सॅबो बाकावर बसून दहा मारून बघा, अकराव्याला डोळे आपोआप मिटतात आणि नेम गेला.

एक अडचण आहे पण. कायदे बदललेत. ओहायोने 2014 पासून, आयोवाने 2017 पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे गोळीकडे निमुळत्या न होणाऱ्या, काडतुसाच्या काही रायफली हरणाला चालू केल्या, इलिनॉयनेही 2023 पासून एकबारी रायफलींना तशी परवानगी दिली. तुमच्या राज्यात चालत असेल तर फक्त मोकळ्या रानासाठी स्लग गनवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा, त्या रायफलीचा धक्का कमी आणि काडतुसही बहुतेक स्वस्त. जिथे अजून शॉटगनच लागते तिथे प्रश्न मिटला. आणि व्हिसावर असलेल्यांनी, एच-वन-बी वगैरे, आधी हे वाचा की केंद्राच्या कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही, सूट आहे ती शिकारीचं चालू लायसन्स असलेल्याला, त्यामुळे लायसन्स आधी, दुकान नंतर, आणि राज्याचे नियम वेगळे बघा.

मी शेवटी 20 बोरची घेतली. सॅबोचं दुसरं पाकीट तसंच उरलं होतं, बारा बोरचं, ते त्या आजोबांना देऊन टाकलं. जुनी पंपही विकली, कंजूसपणा म्हणून नाही, एका घरात दोन बोर नकोत म्हणून. 20 बोरचं काडतूस चुकून बारा बोरच्या नळीत गेलं तर घसरून पुढे अडकतं, दिसत नाही, आणि मागे बारा बोरचं भरून घोडा दाबला तर नळी हातात फुटते. 20 बोरची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच.