‘हॉपिंग’मधला दुसरा पी

इंग्रजी शिकताना एक नियम पाठ करावा लागतो: लहान क्रियापदाच्या शेवटी एकच व्यंजन आणि त्याआधी एकच स्वर असेल, तर ‘-इंग’ लावताना ते व्यंजन दोनदा लिहायचे. हॉप म्हणजे उडी मारणे. त्याच्या हॉपिंगमध्ये दोन पी. होप म्हणजे आशा करणे. त्याच्या होपिंगमध्ये शेवटचा ई जातो आणि पी एकच. इतिहास पाहिला की वाटते, हा नियम आपण उलटा शिकतो.

साधारण ११००पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत ही क्रियापदे ‘होप्पिअन’ आणि ‘होपिअन’ अशी होती. दोन्हींतला ओ ऱ्हस्वच, फरक फक्त पीचा. दुहेरी पी खरोखर दाबून उच्चारला जाई, आपल्या ‘पत्ता’मधल्या त्तसारखा. सिट होते ‘सित्तन’, बिगिन होते ‘बेगिन्नन’. पुढे शब्दांची शेपटे झिजली आणि टोकाला आलेले द्वित्व एकेरी झाले. म्हणजे बिगिनिंगमधला दुसरा एन आपण वाढवत नाही. तो होताच, बिगिनमधून तो गळला.

मग तेराव्या शतकाच्या सुमारास एकेरी व्यंजनाआधीचे बरेच स्वर दीर्घ झाले आणि हळूहळू द्वित्वाचा उच्चारही संपला. व्यंजनातला फरक असा स्वरात सरकला. अक्षरे मात्र जागीच राहिली आणि ‘आधीचा स्वर ऱ्हस्व’ एवढेच सांगू लागली.

हे फार आधी हेरले ते बाराव्या शतकातल्या ऑर्म नावाच्या धर्मोपदेशकाने. आपल्या ‘ऑर्म्युलम’ या पद्यग्रंथात अक्षरातला ऱ्हस्व स्वर व्यंजनाने बंद होत असेल, तर ते व्यंजन तो नेमाने दोनदा लिहितो. नक्कल करणाऱ्यालाही त्याने बजावले आहे: मी अक्षर दोनदा लिहिले तिथे तूही दोनदा लिही. आज या ग्रंथाचे एकच हस्तलिखित उरले आहे, तेही ऑर्मच्याच हातचे. त्या एकाकी काटेकोरपणाबद्दल मला फार आदर वाटतो.

होपच्या शेवटचा ईसुद्धा एके काळी बोलला जाई. तो मुका झाला, पण स्वर दीर्घ असल्याची खूण म्हणून लिहिला जात राहिला. रिचर्ड मलकास्टर या इंग्रज शिक्षकाने १५८२मध्ये त्याचे हे काम नोंदवले. होपिंगमध्ये त्याची जागा आय घेतो, म्हणून तो तिथे लागत नाही. एव्हाना दुहेरी व्यंजनाची रीत इतकी रुळली होती, की मूळचे द्वित्व नसलेले शब्दही तिच्यात ओढले गेले. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या ‘गेता’वरून आलेल्या गेटचे (मिळवणे) गेटिंग दोन टींनी लिहितात, ते त्यामुळेच.

ट्रॅव्हलिंगवर मात्र आजही एकमत नाही. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या नव्हे तर पहिल्या अक्षरावर असल्याने तिथे द्वित्व नको, असे अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरचे म्हणणे. त्याच्या १८२८च्या कोशाने अमेरिकेत एका एलचे लेखन रुजवले. ब्रिटनमध्ये अजून दोन एल लिहितात.